शांततेत पांगावे

अर्ज आधी मराठीतून लिहिला होता, तो परत आला.
'कन्नडदल्ली,' म्हणाल्या खिडकीतल्या बाई, तेही हळूच,
जणू दुखणं त्यांचंच होतं.
मग कोर्टासमोरच्या झाडाखाली
टायपिस्ट इराप्पा मुचंडींनी
साठ रुपयांत आमची मिरवणूक
मेरवणिगे करून दिली.
रस्त्याचं रस्ते झालं, वेळेचं वेळे,
अर्जाची अर्जी, शर्तीचं शरत्तु.
म्हटलं, साठ जास्त होतात वो,
अर्धे शब्द तर आमचेच हाईत.
इराप्पा मान वर न करता म्हणाले,
'आणि आमचे तुमच्याकडं हाईत, त्यांचं कोण देणार?'

सोबत जोडलं:
ट्रॅक्टरचं आरसी, ट्रॉलीचा विमा,
भरमा हलगेकरचं लायसन (फोटोत तो अजून सडपातळ),
वीस रुपयांच्या स्टॅम्पवर हमीपत्र
की काही झालं तर मी, सेक्रेटरी, जबाबदार.
काही म्हणजे काय, ते लिहिलेलं नव्हतं.
हेस्कॉमनं सांगितलं, चौदा फुटांच्या वर काही नको, तारा आहेत.
आमचा गड साडेपंधरा.
बुरूज कापला, झेंड्याच्या काठीला बिजागरी बसवली,
तार आली की झेंडा वाकणार, गेली की उभा.
'सहभागी माणसे' या रकान्यात लिहिलं चाळीस.
गॅलरीतली धरली नाहीत.

परवानगी मिळाली. सहा ते बारा.
नरगुंदकर भावे चौकातून मारुती गल्ली,
हुतात्मा चौक, रामदेव गल्ली, पुढं कपिलेश्वरापर्यंत.
खाली नऊ शर्ती, नववी सगळ्यात लहान:
वेळ संपताच शांततेत पांगावे.

आमचा नंबर सदतिसावा.
सहाला उभे राहिलो ते साडेअकरालाही तिथंच.
पुढं डॉल्बी, त्याच्या पुढं डॉल्बी,
आमच्या जनरेटरचं डिझेल निम्म्यावर.
परवानगी चालायची होती,
आम्ही ती उभ्यानं संपवत होतो.

देखावा असा: गडाचा दरवाजा, बाहेर मशाल,
आत पहारेकरी.
पहारेकरी म्हणजे चौथीतला सुयोग,
काजळाच्या मिशीसकट भाल्याला टेकून झोपलेला.
त्याला वाक्य एकच होतं,
सहा तासांत ते म्हणायची पाळी आली नव्हती.

बाराला पाच कमी असताना
हवालदार संगमेश आला, घड्याळावर बोट ठेवून.
'टाइम आयतु. बंद करा.'
आवाजानं सुयोग दचकून जागा झाला,
भाला सावरला आणि त्याच्याच तोंडावर ओरडला,
'वेळ झाली! आता दरवाजा उघडणार नाही!'

संगमेशला मराठी कळतं, शहापुरात वाढलाय तो.
तो हसला नाही लगेच.
आधी दरवाजाकडं बघितलं, थर्माकोलच्या,
मग मागच्या रांगेकडं,
मग टोपी काढून काखेत धरली आणि तेव्हा हसला.

जनरेटर बंद केला. दिवे गेले. ताशा पोत्यात घातला.
मी म्हटलं, पांगतो साहेब, शांततेत.
ट्रॅक्टर वडगावला जायचा.
वाट हीच.
नवव्या शर्तीत रस्ता दिलेला नाही.
संगमेशनं कागद उलटून मागं बघितलं,
मागं कोरा होता.

रांगेतून बाहेर काढायला वीस मिनिटं लागली,
मग आम्ही घरी निघालो:
मारुती गल्ली, हुतात्मा चौक, रामदेव गल्ली.
अंधारात गड चाललेला, नुसती टायरांची करकर,
तारेखाली झेंडा वाकायचा, बिजागरी कुरकुरायची.
एका गॅलरीत कुणीतरी टॉर्च लावला,
समोरच्या गॅलरीतून दुसरा.
टाळी कुणीच वाजवली नाही,
सगळ्यांना बहुतेक शर्त माहीत होती.

कपिलेश्वराच्या पुलापर्यंत संगमेश बरोबर आला,
ड्यूटी म्हणून, असं तो म्हणाला.
सुयोग त्याच्या खांद्यावर झोपला होता.
उतरवून घेतला तेव्हा पोराची मिशी अर्धीच,
उरलेली खाकीवर उमटलेली.
तो रुमालानं पुसायला गेला,
ती आणखी पसरली.